कवडीचा भाव

पोळा जवळ आला की आमच्या परतवाड्याच्या बाजारात बैलांच्या साजाची दुकाने लागतात. घुंगरमाळा, झुली आणि कवड्यांचे पट्टे. परवा एक शेतकरी पट्ट्याची किंमत ऐकून म्हणाला, "गेल्या साली कापूस गेला कवडीच्या भावानं, अन् आता कवडी घ्याले आलो तं तेच महाग!"

सगळे हसले. पण कवडीला खरोखरच भाव होता, बरं का! कवडी म्हणजे समुद्रातल्या एका लहानशा गोगलगाईचे कवच. मालदीव बेटांच्या उथळ पाण्यात ती विपुल. १३४३ साली इब्न बतूता तिथे गेला. लोक ती गोळा करून मांस सडेपर्यंत खड्ड्यात ठेवीत, आणि बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन कवड्या नेत, असे तो सांगतो.

आपल्या भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त कोष्टकच आहे. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माला १२८० कवड्या. गुरुजींनी हा हिशेब वर्गात जरूर घालावा. कवडी झिजत नाही, तिची नक्कल करणे परवडत नाही. आणि मूठभर मीठ घ्यायला चांदीचे नाणे काय कामाचे? ती गरिबाचीच नाणी. 'कवडीमोल' म्हणणाऱ्या आपल्याच भाषेत 'कवडीचुंबक'ही आहे, हे विसरू नये.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटचा शेतसारा कवड्यांतच भरला जाई. रुपयाला ५१२० कवड्या, म्हणजे बरोबर १२८० च्या चौपट! सारा अडीच लाख रुपये. कवड्या झाल्या १२८ कोटी. त्या ठेवायला कोठारे आणि ढाक्याला न्यायला नावांचा तांडा लागे.

ओरिसात मात्र निराळे घडले. १८०३ साली कंपनीने तो प्रांत घेतला आणि पुढे सारा चांदीच्या रुपयांतच मागितला. शेतकऱ्याच्या गाडग्यात कवड्या. रुपया बाजारातून विकत आणायचा, तर कवडीचा भाव रोज खाली. घरची पुंजी तीच, पण सारा जड झाला. १८१७ च्या पाइकांच्या उठावामागे जमिनी गेल्याचे दुःख होते, मिठाची महागाई होती, तशी ही कवडीची तक्रारही होती.

आमच्या त्या शेतकऱ्याने अखेर एकच पट्टा घेतला. दुसऱ्या बैलाला जुनाच.