पहिली मोटार आणि तिऱ्हाइताचा हक्क

मोटारीच्या दुकानांत काचेमागें जी किंमत लिहिलेली असते, ती घेणाऱ्याच्या जमाखर्चाची केवळ पहिली ओळ होय. तिच्याखालीं कर, पेट्रोल, टायर, दुरुस्ती अशा ओळी एकामागून एक येऊं लागतात; आणि त्यांच्यांत एक ओळ अशी असते कीं, तिच्या मोबदल्यांत घेणाऱ्याच्या हातीं एका कागदाखेरीज कांहींच पडत नाहीं. ती ओळ म्हणजे विम्याची. नुकत्याच मोटार चालवूं लागलेल्या तरुणाला ही ओळ सर्वांत जड वाटते, आणि अन्यायाचीहि वाटते. ज्या अपघाताबद्दल तो पैसे भरतो तो अपघात घडलेला नसतो, आणि ज्या माणसासाठीं तो भरतो तो माणूस त्यानें कधीं पाहिलेलाहि नसतो. ही ओळ खर्चाच्या वहींत कशी शिरली, आणि तिच्यावांचून काय होत असे, याचा इतिहास इंग्लंडच्या रस्त्यांवर फार स्पष्टपणें वाचावयास मिळतो.

१७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची एक गृहिणी मोटारीखालीं सांपडून मरण पावली. मोटारीनें पादचारी ठार होण्याचा ब्रिटनमधील हा पहिला प्रसंग. गाडीचा वेग आजच्या सायकलीहूनहि कमी होता. परंतु चालकाला मोटार हांकूं लागून अवघे तीन आठवडे झाले होते, आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूनें जावें हेंहि त्याला कोणीं शिकविलें नव्हतें. पंचांनीं अपघाती मृत्यूचा निर्णय दिला. असा प्रसंग पुन्हां न येवो, अशी इच्छा कॉरोनरनें व्यक्त केली. ब्रिटनमध्यें मोटारीखालीं सांपडलेल्या पादचाऱ्याचा पहिला बळी हा अशा रीतीनें एका शिकाऊ चालकाच्या हातून गेला. त्या काळीं शिकाऊ आणि निष्णात असा भेद कायद्याला ठाऊकच नव्हता.

पुढें १९०३ चा मोटारींचा कायदा झाला आणि तो १ जानेवारी १९०४ पासून अंमलांत आला. गाडीला क्रमांक आला, चालकाला परवाना आला, आणि मोटार चालविण्यास किमान वय सतरा वर्षें ठरलें. परवान्याची फी पांच शिलिंग होती. परीक्षा मात्र कांहींच नव्हती. पांच शिलिंग भरणारा मनुष्य त्याच क्षणीं कायद्याच्या दृष्टीनें चालक बनत असे. मोटार ही श्रीमंतांची वस्तु होती आणि ती बहुधा पगारी शोफर चालवीत असे, तोंवर या व्यवस्थेंतील उणीव फारशी जाणवली नाहीं. एखादा लॉर्ड कोणाला धडकला, तर भरपाईपुरता पैसा त्याच्यापाशीं असे. विम्याचा धंदाहि अजून चांचपडत होता. लॉइड्सच्या बाजारांत पहिल्या मोटारींचे विमे त्या जणूं जमिनीवर चालणारीं जहाजें आहेत अशा भाषेंत लिहिले गेले, असें सांगतात.

ही स्थिति पालटली ती लहान मोटारीमुळें. १९२२ मध्यें हर्बर्ट ऑस्टिननें ‘ऑस्टिन सेव्हन’ ही चिमुकली गाडी बाजारांत आणली. प्रथम २२५ पौंड सांगितलेली तिची किंमत लवकरच १६५ पौंडांवर आली. १९३१ मध्यें मॉरिसनें शंभर पौंडांची गाडी काढली आणि १९३५ मध्यें फोर्डनें आपली आठ अश्वशक्तीची बंद मोटार शंभर पौंडांस देऊं केली. मॉरिसच्या त्या शंभर पौंडी गाडीची गोष्ट बोधप्रद आहे. किंमत उतरविण्यासाठीं तिच्यावरची सारी चकाकी काढून टाकण्यांत आली होती. जाहिरातींतील शंभराच्या आकड्यानें गिऱ्हाईक दुकानांत आलें खरें. पण आंत आल्यावर पुष्कळांनीं थोडे अधिक पैसे टाकून जरा बऱ्या सजावटीची गाडीच पसंत केली. मनांत ठरविलेला आकडा दुकानाच्या उंबरठ्यावर वाढतो, हा अनुभव इतका जुना आहे.

अमेरिकेंत हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनें सुटला. १९०८ मध्यें फोर्डची ‘मॉडेल टी’ ८५० डॉलरना मिळे. १९२५ च्या सुमारास तिच्या सर्वांत स्वस्त प्रकाराची किंमत ३०० डॉलरच्याहि खालीं गेली होती. तरीहि रोख रक्कम हातीं नसलेला मनुष्य बाहेरच राही. त्याच्यासाठीं जनरल मोटर्सनें १९१९ मध्यें कर्ज देणारी स्वतंत्र संस्था काढली : गाडी आज न्यावी, पैसे पुढें हप्त्यांनीं द्यावे. हेन्री फोर्डला कर्जाचा तिटकारा होता. त्यानें १९२३ मध्यें उलट योजना मांडली : आठवड्याला पांच डॉलर जमा करीत जावे आणि पूर्ण किंमत जमल्यावर गाडी न्यावी. पहिली योजना उधारीची, दुसरी काटकसरीची. लोकांनीं उधारी उचलून धरली, आणि १९२८ मध्यें फोर्ड कंपनीलाहि आपली कर्जसंस्था काढावी लागली. इंग्लंडांत हप्त्यांच्या या पद्धतीला ‘भाडेखरेदी’ म्हणत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कायद्यानें विकणाऱ्याचीच असे; एखादा हप्ता चुकतांच ती ओढून नेली जाई आणि आधीं भरलेले पैसेहि बुडत. १९३८ च्या कायद्यानें, एक तृतीयांश किंमत फिटल्यावर न्यायालयाच्या हुकमावांचून वस्तु परत नेण्यास बंदी घातली. मोटारीपुरतें मात्र हें संरक्षण पन्नास पौंडांपर्यंतच्या व्यवहारालाच होतें. जुनी गाडी घेणारा त्याच्या छायेंत येई; शंभर पौंडांची नवी घेणारा बाहेर राही.

आतां १९३६ मधील एखाद्या तरुण कारकुनाचा हिशेब मांडून पाहावा. त्याचा पगार वर्षाला २५० पौंड, म्हणजे आठवड्याला पांच पौंडांहून थोडा कमी, असें धरूं. शंभर पौंडांची फोर्ड म्हणजे त्याचा पांच महिन्यांचा पगार. त्यावर सरकारचा कर. १९२१ पासून इंग्लंडांत दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर असे. १९३५ पासून तो पंधरा शिलिंगांवर आला. तेव्हां आठ अश्वशक्तीच्या गाडीला सहा पौंड. आठवड्याला ऐंशी मैल, म्हणजे वर्षाला सुमारें ४,२०० मैल गाडी चालली, आणि एका गॅलनला ती पस्तीस मैल गेली, तर १२० गॅलन पेट्रोल लागणार. गॅलनला दीड शिलिंग या भावानें त्याचे नऊ पौंड. परवान्याचे पांच शिलिंग आणि परीक्षेचे साडेसात शिलिंग. एकूण पंधरा पौंड साडेबारा शिलिंग, म्हणजे तीन आठवड्यांहून अधिक पगार. यांत तेल नाहीं, टायर नाहींत, गाडी ठेवण्याच्या जागेचें भाडें नाहीं, आणि विमाहि नाहीं. गाडी घेणें आणि गाडी पोसणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें या बेरजेवरून ध्यानांत येतें.

पण या बेरजेला दुसरी बाजू आहे, आणि ती रस्त्यानें पायीं जाणाऱ्याची आहे. समजा, १९२९ मध्यें अशाच एका कारकुनाची गाडी सकाळीं दूध घालणाऱ्या एखाद्या मनुष्याला लागली आणि त्याचा पाय गेला. त्यानें फिर्याद केली, न्यायालयानें त्याला पांचशें पौंडांचा हुकूमनामा दिला. परंतु कारकुनापाशीं होतें काय? मोडकी मोटार, आणि तीहि अर्धी विकणाऱ्याची. हुकूमनाम्याचा कागद चुलींत घालण्यापलीकडे कामाचा नव्हता. कारकुनानें आपखुशीनें विमा उतरविलेला असला आणि तो दिवाळखोर ठरला, तर आणखी विचित्र प्रकार होई. विम्याची रक्कम त्याच्या मालमत्तेंत जमा होऊन सर्व सावकारांत वांटली जाई. ज्याचा पाय गेला तो त्या रांगेंतला केवळ एक सावकार ठरे. एकाच्या जखमेच्या पैशांतून दुसऱ्याच्या शिंप्याचें बिल फिटावें, असा तो न्याय होता.

१९३० सालीं रस्त्यांवर वर्षाला सात हजारांहून अधिक माणसें मरत होतीं, आणि त्याच सालीं पार्लमेंटनें या अन्यायावर दोन उपाय योजिले. एका कायद्यानें जखमी मनुष्याला, मोटारवाला दिवाळखोर झाल्यास, थेट विमा कंपनीकडे मागणी करण्याचा हक्क दिला. दुसरा, रस्ता-वाहतुकीचा मोठा कायदा. त्यानें १ जानेवारी १९३१ पासून तिऱ्हाइताच्या मृत्यूबद्दल व शारीरिक इजेबद्दल विमा उतरविणें प्रत्येक मोटारवाल्यावर सक्तीचें केलें. ‘तिऱ्हाईत’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. विम्याच्या करारांत एक पक्ष मोटारवाला, दुसरा कंपनी. आणि ज्याच्यासाठीं हा करार सक्तीचा झाला तो तिसरा मनुष्य करारावर सही करीत नाहीं, हप्ता भरीत नाहीं, त्याला त्याची वार्ताहि नसते. चालकाच्या स्वतःच्या गाडीची काळजी कायद्यानें घेतली नाहीं. ती ज्याची त्यानें घ्यावी. पुढें १९३४ च्या कायद्यानें कंपन्यांची आणखी एक पळवाट अरुंद केली : विमा घेणाऱ्यानें कांहीं अटी मोडल्या म्हणून जखमी तिऱ्हाइताचे पैसे नाकारण्यास पुष्कळ प्रसंगीं मनाई झाली. विमाच न उतरविलेल्या गाडीखालीं सांपडलेल्यांसाठीं १९४६ मध्यें सर्व मोटार-विमा कंपन्यांची एक सामाईक संस्था निघाली.

भरपाई मिळूं लागली, पण मृत्यु थांबले नाहींत. १९३४ मध्यें ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. आज तेथें मोटारी कित्येक पटींनीं वाढल्या असतां वर्षाला सतराशेंच्या आसपास मृत्यु होतात, हें लक्षांत घेतां तो आकडा किती भयंकर होता तें कळतें. वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनीं चालकाच्या परीक्षेचा आग्रह धरला. १ जून १९३५ पासून, आदल्या वर्षाच्या १ एप्रिलनंतर मोटार चालवूं लागलेल्या प्रत्येकास परीक्षा सक्तीची झाली. आणि शिकाऊच्या गाडीवर, पुढें व मागें, पांढऱ्यावर तांबडें ‘एल’ हें अक्षर आलें. परीक्षेसाठीं निराळ्या कचेऱ्या नव्हत्या. परीक्षक उमेदवाराला रेल्वेच्या स्टेशनापाशीं, बागेच्या दाराशीं किंवा नगरभवनासमोर गांठीत. पहिल्या वर्षीं २,४६,००० उमेदवारांनीं अर्ज केले आणि शंभरांत त्रेसष्ट उतरले. महायुद्ध सुरू होतांच सप्टेंबर १९३९ मध्यें परीक्षा बंद पडल्या, त्या १ नोव्हेंबर १९४६ ला पुन्हां सुरू झाल्या.

‘एल’ हें अक्षर म्हणजे तरुणाच्या कपाळावरचा डाग नव्हे. ब्रिजेट ड्रिस्कॉलला जी सूचना मिळाली नाहीं ती हें अक्षर रस्त्यावरच्या प्रत्येकाला देतें. विमा कंपनीहि तीच सूचना आपल्या भाषेंत वाचते. गाडीची शक्ति, राहण्याचा भाग, धंदा, वय व अनुभव पाहून ती हप्ता ठरविते. तरुणाचा हप्ता जड असतो, कारण त्याची परीक्षा रस्त्यानें अजून घेतलेली नसते. आणि बिनअपघाताच्या प्रत्येक वर्षाबद्दल मिळणारी सूट हें त्या परीक्षेचें प्रगतिपुस्तक होय. हा जड हप्ता चुकविण्यासाठीं गाडी वडिलांची, चालविणारेहि वडीलच, असें अर्जांत लिहून देण्याचा मोह अनेक घरांत होतो. परंतु विम्याचा करार खऱ्या माहितीवर उभा असतो, हें तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं १७६६ सालींच घालून दिलें आहे. खोटी माहिती देणाऱ्याची गाडी मोडली तर कंपनी हात वर करते, आणि तिऱ्हाइताला दिलेले पैसेहि पुष्कळदां त्याच्याकडूनच वसूल करूं पाहते. हप्त्यांत वांचलेल्या थोड्या रकमेपायीं घरची सारी पुंजी टांगणीस लागते.

हिंदुस्थानांत हा इतिहास थोडा मागून, पण त्याच वाटेनें आला. १९१४ च्या कायद्यानें येथें अठरा वर्षांखालील मनुष्यास मोटार चालविण्यास बंदी केली. विम्याचें मात्र त्यांत नांव नव्हतें. १९३९ च्या कायद्यांत इंग्लंडच्या धर्तीवर तिऱ्हाइताच्या विम्याचें प्रकरण घातलें गेलें, पण त्याचा अंमल सात वर्षें थांबून १ जुलै १९४६ पासून सुरू झाला. मुंबईच्या किंवा पुण्याच्या रस्त्यावर मोटारीखालीं सांपडलेल्या हमालाचा हक्क खऱ्या अर्थानें तेव्हांपासून कायद्याच्या पुस्तकांत आला. १९८८ च्या कायद्यानें तो कायम ठेवला. विमा एक वर्ष उतरवून पुढें विसरणारे फार, हें पाहून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा व नव्या दुचाकीला पांच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा खरेदीच्या वेळींच घेणें भाग झालें. २०१९ च्या दुरुस्तीनें, अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. पांढऱ्यावरचें तांबडें ‘एल’ आजहि येथल्या शिकाऊ गाडीवर तसेंच आहे.

तेव्हां पहिली मोटार घेऊं इच्छिणाऱ्या तरुणानें दुकानांत जाण्यापूर्वीं घरीं कागद घेऊन बसावें. किंमत सर्वांत शेवटीं लिहावी. आधीं एका वर्षाचा कर, पेट्रोल, दुरुस्ती व विमा यांची बेरीज करावी, आणि ती आपल्या पगारांत बसली तरच किमतीकडे वळावें. विम्याची ओळ लिहितांना हात आखडला, तर १९२९ मधील त्या दूधवाल्याचा निकामी हुकूमनामा आठवावा. बाकीच्या साऱ्या ओळी गाडीसाठीं आहेत. ही एकच ओळ रस्त्यानें पायीं जाणाऱ्यासाठीं आहे. आणि मोटारवाल्याच्या घरचीं माणसेंहि दिवसाचा बराच वेळ रस्त्यानें पायींच जात असतात.