सुरांना बाहेरची वाट

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरील एका सभागृहात १९०६ सालच्या शरदऋतूत लोक एक नवलाचे वाद्य ऐकावयास जमू लागले. त्याचे वजन सुमारे दोनशे टन होते. ते त्या शहरी आणावयाचे म्हणून मालगाडीचे डबे जोडावे लागले होते. विजेची जनित्रे तळघरात गरगरत असत, वरच्या दालनात वादक पट्ट्यांपुढे बसत, आणि पट्टी दाबली की एकेका जनित्राची लहर तारेत सोडली जाई. थॅडियस केहिल या संशोधकाने १८९७ मध्ये पेटंट घेतलेल्या या वाद्याचे नाव टेलहार्मोनियम. आजच्या सिंथेसायझरचा तो मूळपुरुष म्हणावयास हरकत नाही.

एवढ्या अवाढव्य देहाचे मुख्य कारण स्वर निर्माण करण्यात नव्हते. ते स्वर बाहेर पोहोचविण्यात होते. क्षीण विद्युत्लहर वाढविणारे साधन तेव्हा कोणापाशीच नव्हते. दूरच्या हॉटेलात टेलिफोनच्या श्रवणयंत्राला कर्णा लावून त्यातून संगीत ऐकू यावयाचे, तर तेवढी शक्ती जनित्रानेच मुळात निर्माण करणे भाग होते. केहिलपाशी स्वतःची अशी वाटही नव्हती. त्याला टेलिफोनच्या तारांचा आश्रय करावा लागला, आणि तेथेच घात झाला. त्या जोरकस लहरी शेजारच्या तारांत शिरत. व्यवहाराचे बोलणाऱ्या गृहस्थाच्या कानी मध्येच संगीत पडे. तक्रारी वाढल्या, वर्गणीदार पुरेसे मिळेनात, आणि १९०८ मध्ये तो उपक्रम बंद पडला. केहिलने हार न मानता १९११ मध्ये पुन्हा एक वाद्य उभारले. १९१४ मध्ये त्याच्या कंपनीचे दिवाळे वाजले. त्या वाद्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही.

दैवदुर्विलास असा की, ली डी फॉरेस्टने ज्या वर्षी आपला ऑडिऑन दिवा सिद्ध केला ते वर्षही १९०६ हेच होते. मात्र त्या दिव्याने क्षीण लहर अनेक पट वाढविता येते, हे ध्यानी यावयास १९१२ साल उजाडले. तोवर केहिलचा ब्रॉडवेवरील उपक्रम बंद पडून चार वर्षे लोटली होती.

विजेवर चालणाऱ्या वाद्याला नादपेटी नसते. सतारीच्या भोपळ्यातून, तबल्याच्या पुडीतून आवाज आपसूक सभेत जातो. विजेच्या वाद्यात तो केवळ लहर होऊन थांबलेला असतो, आणि त्याला दार कोणीतरी करून द्यावे लागते. हे दार संगीतकारांनी स्वतः घडविल्याचे उदाहरण विरळाच. दुसऱ्या कोणाच्या घरासाठी केलेले दार ते वापरीत आले.

प्रत्येक गिटार आणि सिंथेसायझर यांच्या पाठीशी दिसणारी पाव इंच जाडीची पिन घ्या. ती संगीतासाठी जन्मलीच नव्हती. अमेरिकेत न्यू हेवन येथे १८७८ मध्ये पहिले व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. पुढे अशा एक्स्चेंजांच्या फळ्यांवर एका ग्राहकाची तार दुसऱ्याशी जोडण्यासाठी ही पिन रूढ झाली. दिवसातून शेकडो वेळा घालावी-काढावी, तरी सैल पडू नये, एवढाच तिचा गुण. रॉबर्ट मूगने १९६४ मध्ये आपला सिंथेसायझर घडविला, तेव्हा त्याच्या अंतर्गत जोडण्यांसाठीही तीच पिन घेतली. ही तारांची जाळी भारतातही लवकर आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने मूगचा सिंथेसायझर बसविला गेला, आणि गीता साराभाईंसारख्या भारतीय संगीताच्या उपासकांनी त्यावर काम केले. तिची धाकटी बहीण, साडेतीन मिलिमीटरची, खिशातल्या ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर घरोघर पोचली आणि १९७९ च्या वॉकमनने तर ती जगाच्या कानाला लावली.

अॅपलचा आयपॅड एप्रिल २०१० मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या कडेला हेच धाकटे छिद्र होते. त्याच वर्षी कॉर्गने आपले एक जुने तालयंत्र या काचेवर उतरविले. पुढच्या वर्षी मूग कंपनीने अॅनिमूग आणला. केहिलचे दोनशे टन आता सातशे ग्रॅमच्या आसपास आले होते. छिद्रातून येणारी लहर कानातल्या श्रवणयंत्रापुरतीच, पण एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची एक पिन आणि दुसऱ्या टोकाला पाव इंचाच्या दोन, अशी केबल मिळाली की ती मिक्सरमध्ये जाई आणि कार्यक्रम पार पडे. ज्यांना याहून पक्की सोय हवी त्यांच्यासाठी टॅब्लेट आत सरकवावा असे चौरंगी साधनही निघाले. २०१२ मध्ये खालची रुंद खोबण बदलून अरुंद झाली, आणि ती साधने नव्या टॅब्लेटपुरती निरुपयोगी ठरली.

मग दारच बुजविले गेले. २०१६ मध्ये आयफोनचे, २०१८ मध्ये आयपॅड प्रोचे, आणि २०२२ मध्ये साध्या आयपॅडच्या नव्या आवृत्तीचे ते छिद्र नाहीसे झाले. जागा वाचते, बिनतारी श्रवणयंत्रे आहेतच, हा युक्तिवाद गाणी ऐकणाऱ्याला पटण्यासारखा होता. वाजविणाऱ्याचे गणित निराळे असते. ब्लूटूथने आवाज पाठविण्यास पुष्कळदा सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; म्हणजे बोट आपले, पण आवाज जणू ६८ मीटरवरून येत आहे. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला असेल, तर एक मात्रा पाव सेकंदाची. या विलंबात ती जवळजवळ सबंध निसटते. तारेने जोडलेल्या टॅब्लेटमध्ये, सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले आणि २५६ नमुन्यांचा एकेक गठ्ठा पाठविला, तर प्रत्येक गठ्ठ्यामागे उशीर सहा सहस्रांश सेकंदांहून कमी असतो. तो कोणास जाणवत नाही.

म्हणून रंगमंचावर तार परतली. मिक्सरशेजारी आज यूएसबीला जोडायची एक छोटी पेटी दिसते; टॅब्लेटमधून अंकरूपात आलेला स्वर तेथे पुन्हा विजेची लहर होतो आणि पाव इंचाच्या सॉकेटांतून बाहेर पडतो. खोबण एकच असल्याने चार्जिंग आणि आवाज यांना एकाच वाटेने जावे लागते, आणि चार्जर लावताच पन्नास आवर्तनांची घुरघुर सभागृहात घुमू लागल्याचा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. डीआय बॉक्समधील रोहित्र जमिनीच्या तारेची ती साखळी तोडते, मग पुढची लांब वाट तीन पिनांच्या केबलने निर्धोक होते. निदान बॅटरी पूर्ण भरून चार्जर काढून ठेवावा. टॅब्लेट विमानाच्या स्थितीत ठेवावयाचे विसरल्यास एखाद्या निरोपाची घंटीही शेकडो श्रोत्यांना ऐकू जाते, आणि हिचे मूळ षड्जाशी जुळलेले असतेच असे नाही.

हिंदुस्थानी गायकांपैकी कित्येकांचा तंबोराही आता टॅब्लेटमध्ये राहतो. मैफलीच्या आधी साथीदार तबला जुळवीत असतात, तेव्हा गायकाच्या पायाशी कोणीतरी वाकून आखूड अॅडॅप्टर खोबणीत बसवीत असतो. त्या तारेचे दुसरे टोक मिक्सरात जाते, आणि तेथे जी पिन टक्कन बसते ती एक्स्चेंजच्या फळीवरली, पाव इंचाची.