टांझानियांतील एकपक्षीय निवडणूक, इ. स. १९६५

ज्या राज्यांत कायद्यानें एकाच पक्षास मान्यता आहे, तेथील निवडणूक म्हणजे केवळ देखावा, असा समज रूढ आहे. टांझानियाच्या इ. स. १९६५ च्या निवडणुकीस तो कितपत लागू पडतो, हें तपासणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पूर्वस्थिति पाहूं. ऑगस्ट १९६० मध्यें टांगानिकांत ७१ जागांची निवडणूक झाली, तेव्हां अनेक पक्षांस मुभा होती. तरीही ५८ जागीं टानू पक्षाचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. एकंदर ७० जागा त्या पक्षास मिळाल्या. उरलेली एक त्याच पक्षाच्या, परंतु स्वतंत्रपणें उभ्या राहिलेल्या सभासदानें जिंकली. देश ९ डिसेंबर १९६१ रोजीं स्वतंत्र झाला. १९६२ च्या अध्यक्षीय निवडणुकींत ज्युलियस न्येरेरे यांस ११,२७,९७८ व झुबेरी म्तेंवू यांस २१,२७६ मतें पडलीं. सारांश, कायद्यांत पक्ष अनेक, पण बहुतेक मतदारसंघांत मतपत्रिका देण्याचाच प्रसंग आला नव्हता.

जानेवारी १९६४ मध्यें न्येरेरे यांनीं एक आयोग नेमला. एकपक्षीय राज्य असावें कीं नाहीं, हा प्रश्न त्याजकडे सोंपविलेला नव्हता. तें कसें असावें, एवढेंच ठरवावयाचें होतें. एप्रिल १९६४ मध्यें झांझीबार टांगानिकास जोडलें गेलें, आणि १९६५ च्या हंगामी घटनेनें नवी पद्धति अमलांत आणली. प्रत्येक मतदारसंघांत पक्षानें दोन उमेदवार उभे करावयाचे. निरक्षर मतदारांसाठीं एकास कुदळ (जेंबे) व दुसऱ्यास घर (न्युंबा) ही निशाणी. दोघांनीं एकाच व्यासपीठावरून, स्वाहिली भाषेंत बोलावयाचें. जात, वंश वा धर्म यांच्या नांवें मत मागावयाचें नाहीं.

सप्टेंबर १९६५ मध्यें मतदान झालें. मुख्य भूमीवरील १०७ मतदारसंघांपैकीं सहा बिनविरोध गेले. १०१ ठिकाणीं लढत झाली. दोन मंत्री पराभूत झाले. त्यांत अर्थमंत्री पॉल बोमानी होते. उलट, भारतीय वंशाचे अमीर जमाल निवडून आले. केवळ देखावा असता, तर सत्तेवरील मंत्री असे पडते ना.

तथापि दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. अध्यक्षपदास उमेदवार एकच असून मतदारानें होय किंवा नाहीं एवढेंच म्हणावयाचें होतें. न्येरेरे यांस सुमारें ९६ टक्के अनुकूल मतें पडलीं. झांझीबारांत संसदेच्या जागांसाठीं मतदान झालेंच नाहीं. उमेदवारांची अंतिम निवड पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीकडे होती. आणि मूळ प्रश्न, एकच पक्ष असावा काय, हा मतपत्रिकेवर कधींच आला नाहीं. बहुपक्षीय पद्धतीस कायद्यानें पुन्हां वाट मिळाली ती १९९२ मध्यें. तदनुसार पहिली सार्वत्रिक निवडणूक १९९५ मध्यें झाली.

यावरून निष्कर्ष असा कीं, पक्षांची संख्या आणि मतदाराची सत्ता हीं दोन भिन्न प्रमेयें होत. १९६० मध्यें पक्ष अनेक असतां निवड थोडी होती. १९६५ मध्यें पक्ष एक असतां माणूस बदलतां आला, पण राज्य बदलतां आलें नाहीं. कुदळ कीं घर, हें मतदारानें खरोखर ठरविलें. पण ज्या जमिनीवर तीं दोन्हीं उभीं होतीं, तिच्याविषयीं त्यास कोणीं विचारलें नाहीं.