ओलाव्याचा कारभार

सह्याद्रीच्या पाठीशी वसलेल्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे सरकारी नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पर्जन्याची वाटणी इतकी विषम आहे की, अकोले तालुक्यातील घाटघर आषाढात दिवसचे दिवस धुक्यापाण्यात बुडून असताना त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी-जामखेडचा शेतकरी कोरड्या ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो. नगर शहराचे हवामान या दुसऱ्या गोटातले. चैत्र-वैशाखात तेथील वारा ओठांची साले काढतो, आणि जे ओठांचे तेच झाडावरून खुडलेल्या प्रत्येक पानाचे. अशा मुलखात तंबाखूचा व्यवहार करणाराला, मग तो छावणीतला साहेब असो की संगमनेरची बिडीकामगार स्त्री, सर्वप्रथम पानाच्या ओलाव्याचा बंदोबस्त करावा लागला. तंबाखूची जकात, तंबाखूचे पीक आणि तंबाखूचे दुष्परिणाम यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या ओलाव्याच्या कारभाराकडे मात्र इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

दख्खनमध्ये तंबाखू पोर्तुगीजांच्या बंदरांतून शिरली. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी गेला, तेव्हा ती तेथे आधीच रुळलेली होती; शाहजादा दानियालचा विवाह आदिलशाही राजकन्येशी १६०४ मध्ये गोदाकाठी पैठणला लागला, आणि त्याच सुमारास असद बेगाने विजापुराहून तंबाखू व रत्नजडित नळी नेऊन बादशहापुढे नजर केली. अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडून तेव्हा चार वर्षे लोटली होती. हकिमांनी नाके मुरडली, बादशहाने दोन-चार झुरके घेऊन पाहिले, आणि १६१७ मध्ये जहांगिराने मनाईचे फर्मान काढले. त्या फर्मानाचा उपयोग किती झाला, हे गावोगावच्या चिलमींनी पुढे दाखवलेच. चिलमीला व हुक्क्याला ओलाव्याची चिंता नसते, कारण हुक्क्यासाठी तंबाखू गुळात मळलेली असते आणि गूळ आपला ओलावा आपणच राखतो. पान अखंड गुंडाळून ओढण्याची रीत आली, तेव्हा खरी पंचाईत सुरू झाली.

१२ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातला नगरचा किल्ला घेतला. पुढे पेशवाई बुडाली आणि भिंगारलगत गोऱ्या पलटणींची छावणी वसली. मद्रास इलाख्यातून, विशेषतः तिरुचिरापल्ली व दिंडिगुलकडून येणारा चिरूट त्या काळच्या गोऱ्या अंमलदाराच्या जेवणानंतरच्या खुर्चीचा अविभाज्य भाग होता. चिरुटाचे बाहेरचे पान सुकले की तडकते आणि धूर भलतीकडून फुटतो. फार भिजले की त्यावर बुरशी चढते. ज्याला साधारण सत्तर टक्के सापेक्ष आर्द्रता म्हणतात, तेवढ्यावर तो सुखी असतो. नगरच्या उन्हाळ्यात इतकी आर्द्रता हवेत कोठून असणार? म्हणून ती पेटीत कोंडून ठेवावयाची. आणि अशी पेटी घरच्या घरी करावयाची झाल्यास तिच्या साहित्याची निवड हा मोठ्या विवेकाचा प्रश्न होऊन बसतो.

यासाठी जगभर नावाजलेले लाकूड म्हणजे मध्य अमेरिकेतील सेड्रेला वृक्षाचे. ते हलके असते, पाणी शोषून सावकाश परत सोडते, तसे करताना फारसे फुगत किंवा पिळवटत नाही, आणि त्याचा मंद सुवास तंबाखूला पोखरणाऱ्या भुंग्याला मानवत नाही. या वृक्षाचा सख्खा भाऊबंद आपल्या पश्चिम घाटाच्या ओलसर दऱ्यांत वाढतो. तो म्हणजे तून. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला एके काळी सेड्रेला याच वंशनामाखाली नोंदवले होते, आणि चिरुटांच्या खोक्यांसाठी हिंदुस्थानात त्याच्याच फळ्या वापरल्या जात. कडुनिंबही याच मोठ्या कुळातला असून किडीला तो तुनीपेक्षाही अधिक शत्रू आहे, आणि नगरी शिवारात तर तो पावलोपावली उभा. तथापि त्याचा कडवटपणा पेटीत कोंडल्यावर तंबाखूत उतरल्यावाचून राहणार नाही. चंदन त्याच कारणाने त्याज्य, फक्त उलट दिशेने: त्याच्या सुगंधापुढे तंबाखूचा स्वतःचा वास उरत नाही. साग टिकाऊ खरा, परंतु तेलकट. तो पाणी घेण्यातही कृपण आणि देण्यातही. आंब्याची फळी स्वस्त म्हणून खोकी ठोकणारे तीच उचलतात, पण सततच्या दमटपणात तिला बुरशी व कीड लवकर गाठते. बाहेरून साग किंवा शिसव आणि आतून तुनीचे पातळ अस्तर, ही माझ्या मते या मुलखातली सर्वांत शहाणपणाची जोडी. अस्तराला मात्र लाखेचे रोगण लावता कामा नये, कारण रोगणाने लाकडाचे तोंड बंद होते. उलट चिरूट ठेवण्यापूर्वी ते आतून ओलसर फडक्याने पुसून काही दिवस मिटून ठेवावे, नाहीतर तहानलेली फळी चिरुटांतलेच पाणी पिऊन टाकते. बिजागऱ्या व कडी लोखंडाची घेतल्यास गंजाचे डाग पडतात. पितळेची घ्यावी, आणि नगरच्या तांबटांची कीर्ती लक्षात घेता ती मिळवण्यास कोणाला गाव सोडून जावे लागले नसेल.

राहता राहिला ओलावा किती झाला हे ओळखण्याचा प्रश्न. मिठाची याबाबतीतली शिस्त विलक्षण आहे. साधे मीठ वाटीत घेऊन, ते पुरते विरघळणार नाही इतपतच पाणी घालून बंद डब्यात ठेवले, तर डब्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. उन्हाळा असो वा हिवाळा, तिच्यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. आर्द्रतामापक यंत्र खरे बोलते की खोटे, याची परीक्षा मिठाच्या या वाटीवर घरबसल्या होते.

इतका खटाटोप थोड्या लोकांच्या चैनीसाठी. पोटासाठी जो ओलावा सांभाळला गेला, त्याचा इतिहास निराळा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून गेला आणि दूरचा माल येथे येणे सोपे झाले. विसाव्या शतकात स्वदेशीच्या वाऱ्याने विलायती सिगारेटीविरुद्ध बिडीला प्रतिष्ठा दिली. गोंदिया-भंडाऱ्याकडची टेंभुर्णीची पाने, निपाणीची व गुजरातच्या चरोतराची तंबाखू आणि नगर-संगमनेरच्या बायकांचे हात यांची गाठ पडली. नगरमध्ये तेलुगूभाषक पद्मसाळी समाजाने हातमागावर पिढ्या काढल्या होत्या. मागाला उतरती कळा लागली तशी त्यांच्या घरांतील स्त्रियांच्या मांडीवर बिडीचे सूप आले. सिन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात तर बिडी हीच अनेक कुटुंबांची रोकड मिळकत झाली.

बिडी वळणाऱ्या या स्त्रीजवळ तुनीची पेटी नाही, गोणपाट आहे. उन्हाळ्यात तोडून वाळवलेली पाने पुडक्यांतून येतात ती हात लावताच चुरा होतील अशी. ती संध्याकाळी पाण्यात बुडवून, झटकून, ओल्या गोणपाटात घट्ट बांधून रात्रभर ठेवावयाची. सकाळी पान बोटांत दुमडून पाहतात. शिरेवर तडकले तर पाणी कमी पडले, बोटाला चिकटले तर जास्त झाले. मग पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने तुकडे कापावयाचे, आणि कापलेले पुन्हा ओल्या फडक्याखाली झाकावयाचे, कारण वळता वळताच ते सुकू लागते. ताग पाणी धरतो आणि हवाही खेळू देतो. पत्र्याच्या बंद डब्यात हीच पाने घामेजून काळी पडतात. अस्तरासाठी लाकूड निवडणाऱ्या सुताराचे आणि बारदान निवडणाऱ्या या बाईचे शास्त्र एकच आहे.

फरक पुढे पडतो. चिरूट जन्मभर दमट ठेवावा लागतो. बिडी मात्र वळून झाली की भट्टीत शेकून तिच्यातले पाणी काढून टाकावे लागते, नाहीतर श्रावणात ती सादळते आणि गिऱ्हाईक काडीमागून काडी ओढीत बसते. रात्री जे पाणी बाईने पानाला पाजले तेच कारखानदार कोळशाने उडवतो. त्यात पानाला डाग दिसला, तोंड नीट मिटलेले नसले, तर तपासनीस बिडी छाटात टाकतो, आणि मजुरी हजारावर असल्यामुळे छाट बाईच्याच अंगावर पडते.

कायद्याने या दोन पानांना एका पंक्तीला बसवले ते १९६६ साली. बिडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा जो अधिनियम त्या वर्षी संमत झाला (तो २०२५ मध्ये रद्द झाला), त्यात पाने भिजवणे आणि कापणे ही कामे कारखान्याच्या आवाराबाहेर करण्यास राज्य सरकार परवानगी देऊ शकेल, आणि अशा कामाची नोंद मालकाने ठेवावी, असे कलम होते. शेकडो वर्षे ओलाव्याचा कारभार दफ्तराबाहेर चालला होता. येथे सरकारने पान भिजवणे हे काम आहे असे लेखी मान्य केले. तथापि हीच तरतूद, घरी नेलेल्या कच्च्या मालापासून घरीच बिड्या वळणाऱ्या मजुराला आवारात काम करण्याच्या बंधनातून वगळत होती, आणि संगमनेर-नगरच्या बहुसंख्य बायका नेमक्या त्याच सदरात मोडत होत्या. त्यामुळे त्यांच्या संध्याकाळच्या पाण्याची व गोणपाटाची नोंद कोणत्याही हजेरीपटात सापडत नाही, आणि मजुरी अजूनही बिड्यांच्या हजारावरच मोजली जाते.