अंगणातला निळा

रांगोळीचे रंग घरच्या घरी करायचे ठरवले तर पाच रंग अर्ध्या दिवसात जमतात. पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी, पिवळ्यासाठी हळद, लालसाठी गेरू, काळ्यासाठी कोळसा आणि हिरव्यासाठी सावलीत वाळवून कुटलेला पाला. अडतो तो निळा. स्वयंपाकघरात निळं काही नसतं, आणि कुंडीतली माती काही केल्या निळी होत नाही. आणि मुलांना नेमका मोर काढायचा असतो!

गेली काही वर्षं दिवाळीच्या सुटीत आमच्या सोसायटीतल्या आठ-दहा मुलांना घेऊन मी हा उद्योग करते. दर वर्षी निळ्यापाशी गाडी थांबते. "काकू, मग पूर्वी मोर कसा काढायचे?" या प्रश्नाचा पिच्छा पुरवताना जे वाचलं, ते इथे मांडते आहे. वाचता वाचता लक्षात आलं, की हा प्रश्न बराच लांबचा प्रवास करवतो. पार अफगाणिस्तानापासून चंपारणपर्यंत.

आधी रांगोळीबद्दल. ही कला जुनी आहे यात वाद नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत 'तण्डुलकुसुमबलिविकार' असा एक लांबलचक शब्द येतो. तांदूळ आणि फुलं वापरून केलेली सजावट, असा त्याचा साधा अर्थ. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'धूलिचित्र' हा चित्राचा एक प्रकार म्हणून येतो. धूलिचित्र म्हणजे भुकटीने काढलेलं चित्र. हा तोच ग्रंथ, ज्यात मराठीतल्या अगदी जुन्या पदांचे नमुने सापडतात. आपल्या पोथ्यांमध्ये सडासंमार्जनाला जोडूनच 'रंगमाळा' हा शब्द येतो, तोही याच कुळातला.

पण ही जुनी रांगोळी रंगाने कशी होती? आपल्या डोळ्यांसमोर येतो तो गुलाबी-जांभळ्या-मोरपिशी ठिपक्यांचा गालिचा. जुना थाट वेगळा होता. बंगालची अल्पना पांढरी, तांदळाच्या ओल्या पिठाने बोटाने काढलेली. तमिळ कोलमही तांदळाच्या पिठीचं, फार तर कडेला गेरूची काव. वारली चित्रं गेरूवर पांढरी. आपल्याकडे शिरगोळ्याची पूड आणि कोकणात भाताच्या तुसाची राख, म्हणजे पुन्हा पांढरंच. चैत्रांगण आठवून बघा. शंख, चक्र, गदा, कासव, सूर्य, चंद्र, गौरीची पावलं, सगळं पांढऱ्या रेघेत, आणि वर हळद-कुंकवाची बोटं. शेणाने सारवलेल्या काळपट-हिरव्या जमिनीवर ही पांढरी रेघ जी उठून दिसायची, ती सिमेंटच्या फरशीवर दिसत नाही. जमीन हाच त्या चित्रातला सगळ्यात मोठा रंग होता.

भरपूर रंग वापरणारी परंपराही होतीच. केरळात कळमेळुत्तु नावाचा विधी आहे. भद्रकाली, नाग अशा देवतांची भलीमोठी चित्रं जमिनीवर भुकटीने काढतात आणि विधी संपला की पुसून टाकतात. तिथे रंग पाचच. तांदळाचा पांढरा, हळदीचा पिवळा, जाळलेल्या तुसाचा काळा, झाडाच्या पानांचा हिरवा आणि हळदीत चुना मिसळून केलेला लाल. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी हसले. आमच्या गच्चीवर मुलांनी स्टीलच्या वाट्यांतून मांडले होते ते जवळजवळ हेच पाच! निळा तिथेही नाही. शेकडो वर्षं ज्यांचा हा व्यवसायच आहे, त्यांच्याही परसात निळा सापडला नाही, मग आमचं काय घेऊन बसलात.

आता अजिंठा. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, तिथल्या चित्रकारांनी बहुतेक रंग जवळपासच्या दगडमातीतून घेतले. लाल आणि पिवळी गेरूमाती, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती, दिव्याची काजळी, आणि हिरव्यासाठी आपल्याच काळ्या कातळात सापडणारी हिरवी माती. पण निळा मात्र राजावर्त नावाच्या दगडाचा. हा दगड यायचा बदख्शानातून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाच्या ईशान्य कोपऱ्यातून. वाघुर नदीच्या काठी बसून एखाद्या चित्रकाराने निळ्याचा एक फटकारा मारला, तर त्यामागे हिंदुकुश ओलांडून आलेले तांडे होते. इतर सगळे रंग त्याला पायाखाली मिळत होते, हा एकच विकत घ्यावा लागत होता. मुलांना हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "म्हणजे अजिंठावाल्यांचंपण निळ्यालाच अडलं होतं?" हो रे बाबा, अगदी तिथेच.

इथे कोणी म्हणेल, आपल्याकडे नीळ होती की! होती, आणि अशी होती की जगाने तिला आपलंच नाव दिलं. ग्रीक-रोमन लोक तिला 'इंडिकम' म्हणत, म्हणजे भारतातली. त्यातूनच इंडिगो हा शब्द आला. मोगल काळात आग्र्याजवळच्या बयान्याची आणि अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ नावाजलेली होती. पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळे तिच्यामागे.

नीळ करायची रीत मुलांना फार आवडते, कारण त्यात जादू आहे. झुडपाची पानं हिरवी, निळ्याचा मागमूस नाही. ती हौदात भिजत घालून आंबवायची. मग ते हिरवट-पिवळं पाणी दुसऱ्या हौदात सोडून काठ्यांनी घुसळायचं. हवा लागली की पाणी निळं होत जातं आणि तळाशी गाळ बसतो. तो गाळ उकळून, दाबून, त्याच्या वड्या पाडायच्या. जादू संपते ती हौदात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तासन् तास घुसळणारे कोण होते, हे विचारल्यावर. बंगालमध्ये मळेवाल्या साहेबांनी रयतेला उचल देऊन नीळ पिकवायला बांधून घेतलं. १८५९-६० मध्ये शेतकऱ्यांनी नीळ पेरायचं नाकारलं, आणि १८६० साली दीनबंधू मित्रांचं 'नीलदर्पण' नाटक आलं. बिहारात चंपारणमध्ये 'तीनकठिया' होती, म्हणजे दर बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे जमिनीत साहेबासाठी नीळ लावायचीच. जो माल असा पिळून काढून पेट्या भरभरून बोटींवर चढत होता, तो गरिबाच्या अंगणात उधळायला येणार कुठून? कापडावर तो टिकायचा, विकला जायचा. रांगोळी संध्याकाळी झाडूने जाते.

पुढची गोष्ट लंडनमधल्या एका अठरा वर्षांच्या मुलाची. विल्यम पर्किन १८५६ सालच्या ईस्टरच्या सुटीत घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत मलेरियावरचं क्विनाइन बनवू पाहत होता. क्विनाइन झालंच नाही. हाती आला तो एक काळा साका, आणि त्यातून रेशमाला लागणारा सुंदर जांभळा रंग. डांबरापासून निघालेला हा पहिला मोठा रंग. त्यासाठी त्याने वापरलेल्या रसायनाचं नाव होतं अ‍ॅनिलीन. आता गंमत बघा. हा पदार्थ आधी कोणी मिळवला होता तर नीळ तापवून. संस्कृत 'नील'वरून अरबी 'अन्-नील', त्यावरून पोर्तुगीज 'अनील', आणि त्यावरून १८४० मध्ये नाव पडलं अ‍ॅनिलीन. म्हणजे हातगाडीवर ढीग लावून विकतात त्या भडक रांगोळीच्या घराण्याच्या नावातच आपली नीळ लपलेली आहे!

याच घराण्याने मग खऱ्या निळीचा बाजार उठवला. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात केलेली नीळ विकायला काढली आणि भारतातून जाणारा माल घसरत गेला. शेतकरी सुटला असेल असं वाटेल, पण चंपारणच्या मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांवर ढकलला. नीळ लावायची नसेल तर वाढीव खंड द्या, नाहीतर भरपाई भरा. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ते या गाऱ्हाण्यांसाठी, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपली. आज पाच-दहा रुपयांची निळी पुडी मुलाच्या हातात देताना आपण 'केमिकल' म्हणून नाक मुरडतो. पण निळा रंग पहिल्यांदा कोणाच्याही अंगणाला परवडला तो या केमिकलमुळेच, हेही खरं.

मी आमच्या आत्याला फोन करून विचारलं, की तुम्ही लहानपणी रांगोळीत निळा कुठून आणायचात? ती पटकन म्हणाली, "अगं, कपड्यांची नीळ! चिमूटभर रांगोळीत चोळायची. आई ओरडायची, संपवाल म्हणून." हे उत्तर मला फार आवडलं. पांढऱ्या कपड्यांना द्यायच्या निळीला आपण नीळच म्हणतो, पण ती झुडपाची नीळ नव्हेच. ती अजिंठ्याच्या राजावर्ताची कारखान्यात केलेली बहीण. राजावर्ताचा निळा युरोपात सोन्याच्या मोलाने विकला जायचा, म्हणून १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने तो कृत्रिम बनवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं, आणि १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या माणसाला मिळालं. तो इतका स्वस्त झाला की धुण्याच्या बादलीत आला, भिंतीच्या चुन्यात आला आणि तिथून आत्याच्या मोराच्या पिसाऱ्यात. बदख्शानहून तांड्यांबरोबर येणारा रंग अखेर किराणा दुकानातून अंगणात पोचला.

म्हणून 'आजीच्या काळचे नैसर्गिक रंग' हे शब्द मी मुलांसमोर जपून वापरते. जुना रंग म्हणजे निर्धोक रंग, असं अजिबात नाही. शेंदरात शिसं असतं, हिंगुळात पारा आणि हरताळात आर्सेनिक. हे तिन्ही आपले अस्सल पारंपरिक रंग आहेत, आणि तिन्ही मुलांच्या हातात देण्यासारखे नाहीत. चुन्याचंही तेच, डोळ्यात गेला तर इजा करतो. आम्ही हळद लाल करायला खायचा सोडा पाण्यात विरघळवून घेतो. पिवळी हळद डोळ्यांदेखत तांबडी होते तेव्हा मुलं जो ओरडा करतात, तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो.

आणि निळा? तो आम्हाला मिळाला तो गोकर्णाच्या वेलावर. ही गोकर्णाची, म्हणजे अपराजितेची, निळी फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी गडद निळं होतं. मलेशियात केलांतनकडे या फुलांनी निळा केलेला भात आवडीने खातात. आम्ही त्या पाण्यात तांदळाची जाडसर पिठी कालवतो, ताटात पातळ पसरून सावलीत वाळवतो आणि हाताने चुरडतो. मूठभर फुलांना वाटीभर रंग. पाण्यात लिंबू पिळलं की जांभळा, आणि हळदीची पिठी मिसळली की हिरवा. मोराचं सगळं काम होतं.

हा निळा फिका आहे, हे सांगायला हवं. पुडीतल्या निळ्याशेजारी ठेवला तर आजारी दिसतो. उन्हात दुपारपर्यंत आणखी उतरतो आणि मुंग्या सकाळपासूनच कणाकणाने तो वाहून नेऊ लागतात. एका मुलीने यंदा तक्रार केली, "आपला मोर चालत चाललाय." तिला मी पुडी आणून दिली नाही, पण पुडी वाईट असंही सांगितलं नाही. तांडे, हौद, साहेब, पर्किन, आत्याची बादली, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, की पुढच्या वर्षी वेल दोन लावायचे का.

तर लावणार आहोत. गोकर्णाचं बी टणक असतं, रात्रभर भिजवून जूनमध्ये पेरलं तर दिवाळीपर्यंत वेल फुलांनी भरतो. कुंडी आणि चढायला एक दोरी पुरते. तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांच्या रांगोळीतला निळा कुठून यायचा ते. माझी खात्री आहे, प्रत्येक घरात उत्तर वेगळं निघेल, आणि त्यातलं एखादं तरी थेट धुण्याच्या दगडापाशी जाऊन पोचेल.