दफ्तराची किल्ली

इ. स. 1818 मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि पुण्याचे सरकारी दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. नव्या राज्यकर्त्यांस ते हवे होते, ते इतिहासासाठी नव्हे. इनामे, वतने व सारा यांचे हक्क ठरविण्यासाठी. 1852 च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदा तपासण्यास घेतल्या, तेव्हा हेच कागद निर्णायक पुरावा ठरले. कोणाचे इनाम टिकेल व कोणाचे बुडेल हे ज्या रुमालात बांधलेले, तो रुमाल परक्या दृष्टीपासून जपणे सरकारास सोयीचे वाटले, यात नवल नाही. पुढे एलिनेशन ऑफिस या नावाने ओळखल्या गेलेल्या कचेरीत सुमारे 35 हजार रुमाल साठले. त्यांतील सुमारे 27 हजार मोडीतले.

या दफ्तरात अभ्यासकाचा प्रवेश हा हक्क नव्हता, मेहेरबानी होती. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशीतील उतारे प्रसिद्ध झाले, ही मोठीच सोय झाली. तथापि निवड एकाची आणि विश्वास सर्वांनी ठेवावयाचा, ही अडचण राहिलीच. सरकारी दार सर्वांस उघडे नसताना इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या घराण्यांची दारे ठोठावली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, आणि 1910 मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले.

दफ्तराचे दार मोठ्या प्रमाणावर उघडले ते गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हस्ते. बडोदे संस्थानात दीर्घकाळ चाकरी केलेल्या या इतिहासकाराने, सर जदुनाथ सरकार यांच्या साहाय्याने, 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 भाग सिद्ध केले. त्याहून आम्हांस मोलाची वाटते ती त्यांनी दफ्तराची करून दिलेली ओळखपुस्तिका. तिच्यामुळे कोणत्या कागदासाठी अर्ज करावा, हे प्रथमच बाहेरच्या माणसास कळू लागले. गोव्याच्या दफ्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी हेच कार्य केले. तेथे तर राखणदारच संशोधक होता.

आज काळ पालटला आहे. गोव्याने 1997 मध्येच माहितीच्या हक्काचा कायदा केला. 2005 च्या केंद्रीय कायद्याने अर्जदारास कारण सांगण्याच्या बंधनातून मुक्त केले आणि उत्तरास सर्वसाधारणपणे 30 दिवसांची मर्यादा घातली. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती तर, मोजके अपवाद सोडल्यास, नाकारता येत नाही. हा हक्क भारताच्या प्रत्येक नागरिकाचा आहे. म्हणून बडोद्याचा मोडी कागद गुजरातच्या अभिलेखागारात असला, तरी तो मागणाऱ्याने त्या राज्याचा रहिवासी असण्याची गरज नाही.

परंतु मागावयाचे काय? ज्या रुमालाची नोंद नाही, तो ‘नाही’ असे म्हणण्यास कारकुनास लबाडी करावी लागत नाही. त्यास तो खरोखरच सापडत नाही. अभिलेखांची सूची करून त्या व्यवस्थित ठेवाव्यात, असे याच कायद्याचे चौथे कलम सांगते. म्हणून आमची अभ्यासकांस विनंती आहे की, पहिला अर्ज कागदासाठी न करता सूचीसाठी करावा. आणि सूची हाती आल्यावर ती वाचण्यापुरती मोडी तरी शिकून घ्यावी. पूर्वी किल्ली सरकारच्या कमरेस होती. आता ती आपल्या हाती आली आहे; कुलूप कोठे आहे, हे शोधणे मात्र आपणांवरच आले.