वनपिंगळ्याची चिठ्ठी : खानदेशातील अरण्य आणि नोंदीचे प्रामाण्य

अरण्याचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे अभ्यासकाच्या हाती प्रथम येतात त्या शासकीय घोषणा. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले व त्याचे क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ सालचे असून त्याचे क्षेत्र ८२.९४ चौरस किलोमीटर आहे. या नोंदी आवश्यक आहेतच. तथापि त्यांवरून सीमा कळते, सीमेच्या आत काय आहे ते कळत नाही. अमुक अरण्यात अमुक दुर्मिळ वनस्पती वा पक्षी आहे हे आपण जाणतो ते एका फार लहान लेखनप्रकारामुळे. पक्ष्याच्या पायाला बांधलेली किंवा वाळविलेल्या वनस्पतीच्या कागदावर चिकटविलेली चिठ्ठी, हा तो लेखनप्रकार होय. तीवर नाव, स्थळ, दिनांक व संग्राहक एवढीच माहिती असते. ही चिठ्ठी खोटी निघाली तर काय घडते, याचे एक ठसठशीत उदाहरण खानदेशाच्या इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घ्यावयाचा आहे.

सातपुड्याची रांग तोरणमाळकडून शिरपूर, चोपडा, यावल असे तालुके ओलांडीत रावेरपर्यंत येते व पुढे बऱ्हाणपूरमार्गे मेळघाटास भिडते. साग, साळई, अंजन, खैर, तेंदू आणि मोह यांचे हे पानझडीचे अरण्य आहे. अनेर व सुकी या तापीस मिळणाऱ्या नद्या त्यातूनच उतरतात. १८१८ साली खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला आणि १८७८ च्या वनकायद्याने अरण्याचे राखीव वन, संरक्षित वन व ग्रामवन असे तीन वर्ग केले. ‘संरक्षित’ या शब्दास येथे जो अर्थ होता तो आजच्या अर्थाहून भिन्न होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. त्या काळच्या कायद्यात रक्षण होते ते मुख्यत्वे इमारती लाकडाचे व सरकारी हक्काचे. प्राणी व पक्षी यांसाठी अरण्य राखावयाचे, ही कल्पना बरीच पुढची आहे.

याच काळातील एका पक्ष्याची ही हकीकत आहे. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात एक लहान घुबड मिळविले. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन करून त्यास ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’ असे नाव दिले. रोमन लिपीच्या प्रवासात ‘फुलझर’चे ‘फूलजन’ झाले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवलाची वाटणार नाही. व्हॅलेंटाइन बॉल यांस १८७७ साली खरियार भागात दुसरा नमुना मिळाला. त्यानंतर १८८० च्या पुढील काही वर्षांत खानदेशातील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादे व तळोदे या भागांतून काही नमुने जमविले, आणि पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक विस्तृत यादीही ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये प्रसिद्ध केली. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीची नोंद नाही.

खात्रीची नाही, असे म्हणण्याचे कारण आहे. पुढील काळातील एक नमुना उपलब्ध होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी व नामांकित पक्षिसंग्राहक होते. त्यांच्या संग्रहातील एका वनपिंगळ्यास १९१४ सालची चिठ्ठी होती आणि तीवर मांडवी हे स्थळ होते. हे मांडवी म्हणजे कच्छमधील बंदर नव्हे. सुरत जिल्ह्यात तापीकाठी असलेले ते मांडवी. खानदेशातून वाहत गेलेल्या नदीच्याच काठचे हे गाव असल्यामुळे नोंद सहज पटण्याजोगी होती. सर्वांत अलीकडचा पुरावा म्हणून तिला स्वाभाविकच अधिक वजन मिळाले. १९७० च्या दशकात एस. डिलन रिप्ली व सालिम अली यांच्यासारख्या श्रेष्ठ पक्षितज्ज्ञांनी या घुबडाचा शोध घेतला, पण तो लागला नाही. एक जात कायमची नष्ट झाली असावी, अशी समजूत त्यामुळे दृढ होत गेली.

उलगडा झाला तो अरण्यात नव्हे, संग्रहालयात. माइनर्ट्‌झहागेन यांच्या इतर नोंदींविषयी शंका व्यक्त होऊ लागल्या होत्या. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या पक्ष्याचे सातही ज्ञात नमुने तपासले. क्ष-किरणांच्या साहाय्याने १९१४ च्या नमुन्याची आतील रचना पाहता तो मुळात डेव्हिडसन यांच्या विशिष्ट पद्धतीने भरलेला होता, असे आढळून आले. ब्रिटिश संग्रहालयातील डेव्हिडसन यांचा नमुना चोरून, त्याची शिवण उसवून, पुन्हा भरून त्यास नवी चिठ्ठी बांधण्यात आली होती. म्हणजे पक्षी खरा, परंतु स्थळ, दिनांक व संग्राहक हे तिन्ही खोटे. रासमुसेन व एन. जे. कॉलर यांनी हे संशोधन १९९९ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात सविस्तर मांडले.

खोटा पुरावा बाजूस सारल्यावर खऱ्या नोंदींकडे वळणे क्रमप्राप्त होते. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी १९९७ साली प्रथम पूर्वेकडील जुनी स्थळे पाहिली. तेथे यश आले नाही. नंतर ते खानदेशात आले. दिनांक २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, तो पक्षी त्यांस भर दिवसा दिसला. एकशे तेरा वर्षांनंतर डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीने आपले म्हणणे खरे करून दाखविले.

येथे प्रमाणशास्त्राचा एक सूक्ष्म मुद्दा आहे. पुढे दक्षिण गुजरातेत, डांगातील पूर्णा अभयारण्यातही हा पक्षी आढळला. तेव्हा माइनर्ट्‌झहागेन यांची नोंद सर्वस्वी चुकीची नव्हती, असे कोणी म्हणू शकेल. परंतु हे म्हणणे टिकणारे नाही. विधान योगायोगाने सत्याजवळ गेले म्हणून त्यामागील पुरावा खरा ठरत नाही. बनावट ताम्रपटात एखाद्या राजाचे नाव बरोबर असते, म्हणून तो ताम्रपट अस्सल होत नाही. तसेच हे आहे.

ही केवळ विद्वानांची चर्चा आहे काय? तसे नाही. ज्या तळोदे भागातून डेव्हिडसन यांनी नमुने घेतले, त्याच भागातील सुमारे २,७०० हेक्टर वनजमीन १९९० च्या सुमारास सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी राखीव वनातून मुक्त करण्यात आली. ज्यांची घरे व शेते पाण्याखाली गेली त्यांचा जमिनीवरील हक्क वादातीत आहे, आणि या निर्णयाचे खापर एका चिठ्ठीवर फोडणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. तरीही एवढे निश्चितपणे म्हणता येते की, त्या वेळी निर्णयाच्या तराजूत एक वजन घातले गेले नाही. या अरण्यात जगातील एक अत्यंत दुर्मिळ पक्षी राहतो, हे कोणी मांडू शकले नाही. कारण तो नष्ट झाला असावा, असेच सर्व समजत होते. अरण्याच्या बाजूने साक्ष देणारा कागद अस्तित्वात असूनही कोणी तो उलगडला नव्हता.

डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीवरील ‘खानदेश’ हे स्थळनामही इतिहासाने बदलत नेले. १९०६ साली या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांस जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे वनपिंगळा पुन्हा दिसला तेव्हा शहादे धुळे जिल्ह्यात होते, आणि सातआठ महिन्यांत ते नंदुरबार जिल्ह्यात गेले. पक्षी मात्र जागचा हलला नव्हता. जुनी नोंद वाचताना तिच्या काळातील सीमा ठाऊक नसतील, तर खरी चिठ्ठीही वाट चुकविते.

स्थळनामाप्रमाणेच जातिनामाचीही गोष्ट आहे. ‘पिंगळा’ हा मराठीतील जुना शब्द; गावाजवळच्या आमराईत राहणाऱ्या, ठिपक्यांच्या लहान घुबडास तो लावतात. ‘वनपिंगळा’ किंवा ‘रानपिंगळा’ ही नावे अभ्यासकांनी त्यावरून बनविली. त्यामुळे ‘तुमच्या रानात पिंगळा आहे काय?’ या प्रश्नास ‘आहे’ असे उत्तर मिळाले, तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तो दिवसा उघड्या फांदीवर बसतो काय, डोक्यावर ठिपके दाट आहेत की जवळजवळ नाहीतच, पंजे थोराड आहेत काय, असे विचारल्यावाचून भेद कळावयाचा नाही. वनस्पतींतही हाच अनुभव येतो. खानदेशात ‘अंजन’ म्हणजे हार्डविकिया बिनाटा हा सातपुड्यातील उंच वृक्ष. सह्याद्रीकडील माणूस मात्र त्याच नावाने निळ्या फुलांच्या, मेमेसायलॉन कुळीच्या झाडाचा उल्लेख करतो. लोकनाम टाकून केवळ शास्त्रीय नाव घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. लोकनाम कोणी, कोठे व कोणत्या बोलीत सांगितले ते लिहून ठेवावे, एवढाच याचा अर्थ.

यावलच्या अरण्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यास या दृष्टीने मोठा लाभ आहे. रावेरकडून पालच्या वाटेने वर चढताना काही कोसांत लेवा गणबोली मागे पडते, तडवी भिल्लांची बोली कानी येते आणि पुढे पावरी ऐकू येते. एकाच झाडाची तीन नावे येथे एका दिवसात मिळू शकतात. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणातील भिल्ली भाषांचा खंड १९०७ साली निघाला. त्यात खानदेशीही समाविष्ट आहे. तेथील प्रत्येक उतारा कोणत्या जिल्ह्यातून आला हे नमूद असल्यामुळेच ग्रियर्सन यांचे वर्गीकरण अमान्य असणाऱ्यासही ते उतारे आज वापरता येतात. ह्यूम यांनी या घुबडासाठी योजिलेल्या ‘हेटेरोग्लॉक्स’ या प्रजातिनामाविषयीही मतभेद झाले व अलीकडील जनुकीय अभ्यासाने त्यास ‘अथीने’ या प्रजातीत ठेवले. डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीचे मूल्य त्याने रतिभरही कमी झाले नाही. वर्गीकरणे बदलतात, प्रामाणिक नोंद टिकते.

१९९७ नंतर हा पक्षी तोरणमाळ, यावल, मेळघाट व २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही नोंदला गेला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय सूचीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलला. पक्षी वाढले म्हणून नव्हे, तर स्थळे अधिक कळली म्हणून. वनस्पतींच्या बाबतीत डी. ए. पाटील यांचा धुळे-नंदुरबार जिल्ह्यांवरील ग्रंथ २००३ साली, आणि क्षीरसागर व पाटील यांचा जळगाव जिल्ह्यावरील ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. हे सारे काम चिठ्ठ्यांवर उभे आहे.

अभयारण्यास भेट देणाऱ्याने तेथून पान तोडून आणू नये, हा नियम सर्वांस ठाऊक असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यास त्यासोबत आणखी एक नियम पाळावयास हरकत नसावी. आपण न पाहिलेले पाहिले म्हणून लिहू नये, आणि पाहिलेले स्थळ, दिनांक व सांगणाऱ्याची बोली यांसह लिहिल्यावाचून परतू नये. अरण्य राखावे की मोडावे याचा निर्णय पुढे जे करतील, त्यांच्यासमोर आपली वही कदाचित एकटीच साक्षीदार असेल.